निळ्यानं वळून पाहिलेलं पान

पुराचं पाणी ओसरल्यावर सांगलीतल्या घराचं दार उघडलं तेव्हा माझी कॉमिक्स पत्र्याच्या पेटीतच होती. फक्त ती आता कॉमिक्स राहिली नव्हती. दोन-अडीचशे अंकांचा मिळून एकच लगदा झाला होता. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत जो तो काही ना काही उन्हात वाळवत होता, कुणी गाद्या, कुणी लग्नाचे अल्बम. मी लगदा वाळवत बसलो. बायको म्हणाली, "आवं, टाकून द्या की ते." मी तिच्यावर खेकसलो. दोन दिवसांनी वास सहन होईना, तेव्हा मीच तो पोत्यात भरून टाकून आलो.

मी एका वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन आहे. साखर कारखान्यांना लागणारे रोलर, गिअर आणि पंप यांची ड्रॉइंग काढण्यात माझी तीस वर्षं गेली. पुरानंतर मला एक खोड लागली. कामावरून आलो की चहा घ्यायचा आणि गेलेल्या अंकांची मुखपृष्ठं आठवून आठवून काढायची. त्या कॉमिक्सच्या नायकाचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. वाईत लहानपणी आम्ही सगळी पोरं त्याला निळ्या म्हणायचो. निळा मुखवटा, निळा अंगरखा, कुठल्याशा परमुलखातल्या बंदरात त्याचं राहणं. गोदीतल्या गुंडांना बडवायचा, बुडणाऱ्यांना काढायचा, आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी धक्क्यावरून धुक्यात चालत जायचा. मागं वळून सहसा बघायचा नाही. हे त्याचं चालत जाणं आमच्या लेखी मारामारीपेक्षा भारी होतं.

आधी मी जशीच्या तशी मुखपृष्ठं काढली. मग जरा चेव आला. निळ्याला वाईच्या घाटावर पाय धुताना काढला. औंधच्या डोंगरावर यमाईच्या पायऱ्या चढून भर दुपारी धापा टाकताना काढला. उसाच्या ट्रॉलीवर बसून कांडं सोलताना काढला, मुखवटा नीट ठेवून. फोनवर जुन्या कॉमिक्सवाल्यांचा एक गट आहे, साताऱ्या-सांगलीकडचे पन्नाशी-साठीतले लोक. तिथं ही चित्रं टाकली आणि मी एकदम मोठा माणूस झालो. आयुष्यात मी काढलेल्या गिअरला कुणी वाहवा म्हटलं नव्हतं.

एकदा कराडच्या एका औषध दुकानदारानं गटात विचारलं, "सगळं झकास आहे, पण तुमचा निळ्या सारखा मागं का बघतोय?"

मी सगळी चित्रं उघडून बसलो. खरंच होतं. घाटावर, डोंगरावर, ट्रॉलीवर, प्रत्येक ठिकाणी त्याची मान डाव्या खांद्यावरून किंचित मागं वळलेली. मी तशी मुद्दाम काढली नव्हती. आता ड्राफ्ट्समनच्या हातून रेघ आपोआप जाऊ लागली तर त्यानं घाबरायला पाहिजे. मला मात्र त्यात अभिमान वाटला. मी ऐटीत लिहिलं की दीपगृहाच्या अंकात शेवटच्या पानावर तो वळतो, हे खऱ्या वाचकाला माहीत असतं. आणि पुरावा म्हणून ते पान आठवून काढलं. धुकं, ओला धक्का, लांब गेलेला निळ्या. दीपगृहवाल्याची लहान मुलगी पुढं उभी. निळ्या थांबलाय, वळलाय, आणि त्याच्या फुग्यात शब्द आहेत: "मागून हाक मारलीस तरी चालेल. मी वळेन."

मग साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी लिहिलं, "दादा, जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, हे त्या परदेशी माणसाला कुणी हो शिकवलं?" खाली हसणारे चेहरे. आणि पाठोपाठ कुणीतरी खऱ्या अंकाच्या शेवटच्या पानाचा फोटो टाकला. छापील. त्यात निळ्या धुक्यात निघून जातो. वळत नाही. फुगा नाही. लहान मुलगीसुद्धा नाही.

मी जे उत्तर लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. गट सोडला. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत आलो, कारण या विषयावर बोलायला दुसरं कुणीच नव्हतं.

पण मी हादरलो होतो, आणि कशानं ते सांगायला पाहिजे. ते पान मला आक्कानं वाचून दाखवलं होतं. आक्का, माझी मोठी बहीण, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. मी तेरावं गाठायच्या आत ती इस्लामपूरजवळच्या तिच्या सासरी काविळीनं गेली. तिचा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यात ती मान खाली घालून बसलीय. तिचा आवाज मला फक्त त्या एका पानात ऐकू यायचा. निळ्याचे शब्द वाचताना ती आवाज जाड करायची, तो तिला जमायचा नाही, मग शेवटच्या शब्दाला हसायची. "मी वळेन" असं म्हणून हसायची. चाळीस वर्षं मी ते हसू जपून ठेवलं होतं. आता पानच नव्हतं म्हटल्यावर आवाजाचं काय? तोही मीच बनवला होता का? चार दिवस मी जेवताना, गाडी चालवताना, ड्रॉइंग बोर्डवर वाकलेला असताना तो आवाज लावून बघत होतो. दर वेळी तो जरा बारीक यायचा.

आमच्या घरात मागून हाक मारण्याची भीती फार होती. वडील फौजेत. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, आणि सुट्टी संपली की पहाटेच ट्रंक उचलून एसटी स्टँडकडं निघायचे. वाईत आमच्या दोन भाड्याच्या खोल्या बोळाच्या टोकाला होत्या. उंबऱ्यातून सरळ बोळ दिसायचा. आई उंबऱ्यात उभी राहायची, पदर तोंडात धरून, आणि आम्हा दोघांना दंडाला पकडून ठेवायची. "हाक मारायची न्हाई. मागं हाक गेली की जाणाऱ्याचं वाईट होतं." वडीलही वळायचे नाहीत. वळलं की पाय अडकतो म्हणायचे. एकदा त्यांचा जेवणाचा डबा चुलीपाशीच राहिला. आईला दिसला, पण तिनं हाक मारली नाही. ते दोन दिवसांचा प्रवास तसेच गेले. मला वडिलांचं ते न वळता जाणं निळ्यासारखं वाटायचं आणि छाती फुगायची. आक्काला ते आवडत नसे. एकदा ती मला म्हणाली, "एकदा वळून बघितलं तर काय त्यांची फौज हरणार हाय?"

पाचव्या दिवशी वाईहून एका अनोळखी माणसानं पाठवलेला फोटो आला. त्यानं लिहिलं होतं, "मी गटात नाही, मेव्हण्यानं तुमचं चित्र दाखवलं. आमच्या वडिलांचं वाईत भाड्यानं पुस्तकं द्यायचं दुकान होतं. आमच्याकडच्या अंकात हे पान आहे."

फोटोत माझं पान होतं. धुकं, धक्का, मुलगी, वळलेला निळ्या. मी खुर्चीतून उठून ओरडलोच, बायको धावत आली. तिला दाखवायला फोटो मोठा केला आणि परत खाली बसलो. रंग छापील नव्हते. जुन्या छपाईत रंगाचे बारीक ठिपके असायचे, तसे ठिपके होते, पण एकेक हातानं दिलेले, कुठं जवळ, कुठं लांब. आणि फुग्यातले शब्द एका वेगळ्या कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवले होते. "मागून हाक मारलीस तरी चालेल. मी वळेन." त्यातला ळ मी ओळखला. त्याची दुसरी गाठ पहिलीपेक्षा मोठी असते. शाळेत त्याच ळ वरून मास्तर माझा कान धरायचे. ते अक्षर माझं होतं.

नऊ वर्षांच्या माझ्या हातानं लिहिलेलं वाक्य, आणि ते मी लिहिलेलं मला माहीतच नाही. मग हळूहळू आठवलं. आक्का मला शुद्धलेखनाला बसवायची. वहीत नाही, कापलेल्या पट्ट्यांवर. ती एकेक ओळ सांगायची, मी बारीक, सरळ, सगळी अक्षरं एका मापाची काढायचो. "हा दगा आहे!" किंवा "दिवा विझला, आता तू वाचणार नाहीस." असलं काहीतरी. मला वाटायचं मास्तरांनीच सांगितलंय. झालं की पट्ट्या ती पोलक्यात सरकवायची, आणि माझ्या हातावर खडीसाखर ठेवायची.

रविवारी मी वाईला गेलो. घाटाजवळ, भाड्यानं पुस्तकं मिळायची त्या बोळात आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, फोटो पाठवणाऱ्याचं. त्यानं मला आतल्या खोलीत नेलं. दुकानदार काका, म्हणजे त्याचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली. काकू पलंगावर गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. माझ्याकडं बघून त्या पहिलंच वाक्य बोलल्या, "आक्काचा भाऊ न्हवं तुमी? लय उशीर केलासा."

त्यांनी सांगितलं ते असं. काका पाच-सहा अंक एकत्र शिवून, वर जाड पुठ्ठा घालून ठेवायचे, म्हणजे पोरांच्या हातात टिकतील. तरी शेवटची पानं जायचीच, आणि शेवट नसलेलं पुस्तक घेऊन पोरं दुकानात भांडायला यायची. आक्का तेव्हा सतरा वर्षांची. तिनं काकांना म्हटलं, गेलेली पानं मी काढून देते, मला सगळी पुस्तकं फुकट वाचू द्या. काकांनी अट घातली की कुणाला सांगायचं नाही. हाताचं पान आहे कळलं तर पोरं ते मानणार नाहीत.

"तिला शेवट ठावा असायचा?" मी विचारलं.

"कुठला ठावा! आमच्या ह्यांनाबी आठवायचा न्हाई. मग ती म्हणायची, थांबा, मी करते शेवट." काकू तोंडावर हात ठेवून हसल्या. "आवं, वाईतली निम्मी पोरं तुमच्या आक्काचे शेवट खरे धरून म्हातारी झाली."

त्यांनी पलंगाखालून गठ्ठे ओढले. मी जमिनीवर बसून एकेक पुस्तक उघडत गेलो. आगकाडीला टोक काढून ती ठिपके द्यायची, हे काकूंनी सांगितलं. शेकडो ठिपके. आमच्या मोरीशेजारच्या अंधाऱ्या खोलीत, आई कुणाच्याकडं शिवणाला गेलेली असताना. निळ्या एका पानात बुडणाऱ्या माणसाला कासऱ्यानं बांधून काढत होता. एका पानात गुंडाची म्हातारी आई येऊन गुंडाला चपलेनं मारत होती आणि निळ्या बाजूला उभा होता. हा शेवट मला लख्ख आठवत होता, आणि मी गटात तो छातीठोकपणे सांगितलाही होता. आणि आक्काच्या प्रत्येक शेवटात निळ्या जाताना वळायचा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. डाव्या खांद्यावरून.

मग काकूंनी उशाशी ठेवलेलं एक पुस्तक दिलं. "हे आमी कवा भाड्यानं दिलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "हे अर्धं हाय."

शेवटचं पान तिनं लग्नानंतर काढलेलं होतं. सासरीही ती काकांना पानं पाठवत राहिली होती, हे मला तेव्हा कळलं. तेच धुकं, तोच धक्का. पण पुढच्या बाजूला, परमुलखातल्या त्या बंदरात, तिनं सरळ एक ओटा काढला होता. आपला, शेणानं सारवलेला, कडेला पणत्या. ओट्यावर एक बाई उभी, हात वर केलेला. तिच्या तोंडातून निघालेला मोठा फुगा, आणि तो कोरा. लांब निळ्या थांबलेला. त्याच्या मानेच्या फक्त पेन्सिलच्या रेघा होत्या. दोन रेघा, एक सरळ, एक वळलेली. शाई एकीवरही फिरवलेली नव्हती.

पानात घडी करून एक आंतर्देशीय पत्र ठेवलं होतं. आक्काचं अक्षर. "काका, पान पाठवत आहे. फुग्यातली ओळ तेवढी राहिली. भाऊबीजेला भाऊ आला होता, त्याला सांगितली आहे. हल्ली तो लिहायचा कंटाळा करतो, पण त्याला लक्षात राहील. दुकानात आला की त्याच्याकडून लिहून घ्या. अक्षर त्याचंच पाहिजे."

मी ते पत्र तीनदा वाचलं.

त्या भाऊबीजेला मी बारा वर्षांचा होतो. पहिल्यांदाच एकटा एसटीनं तिच्या सासरी गेलो होतो. नवीन विजार, खांद्यावर टॉवेल, मोठा झालेला. तिनं दारातच हळूच विचारलं, "आणलंस का?" म्हणजे वाईहून नवीन कॉमिक. माझ्या मागं तिचे दोन दीर उभे होते, माझ्याच वयाचे, आणि त्यांच्या देखत मला लाज वाटली. मी म्हटलं, "मी काय आता लहान हाय?" तिनं आत नेलं. ओवाळलं, जेवायला वाढलं. निघायच्या वेळी ती एक पट्टी आणि पेन घेऊन आली. "एक ओळ लिहून दे की रं. तुझ्या जुन्या अक्षरात." दीर बघत होते. मी म्हणालो, "मला न्हाई शुद्धलेखन करायचं. तूबी आता लग्न झालेली बाई हायस. पोरखेळ सोड." असं मी म्हणालो. बारा वर्षांच्या पोरानं बोलावं असं ते वाक्य नव्हतं, कुठल्यातरी मोठ्या माणसाकडून उचललेलं होतं. तिच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

मी पिशवी उचलली आणि निघालो. कसा निघालो ते मला आजही अंगात जाणवतं. पाठ ताठ, टॉवेल निळ्याच्या अंगरख्यासारखा मागं सोडलेला, पावलं लांब. वडिलांसारखा, निळ्यासारखा. उसाच्या रस्त्यानं कारखान्याकडं ट्रॅक्टर चालले होते, एकामागं एक, त्यांची धडधड आणि वर मोठ्यानं लावलेली गाणी. तेवढ्यात मागून आक्काची हाक आली. आधी माझ्या नावानं, मग काहीतरी लांब, पूर्ण वाक्य. मला राग आला. भाऊबीजेच्या दिवशी मागून हाक मारते, हिला एवढंही कळत नाही का. पोचल्यावर पत्र टाक म्हणत असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आणि मी वळलो नाही. वळण येईपर्यंत मी मान सरळ ठेवली, आणि मला ते फार छान जमलं असं वाटलं.

पुढच्या आषाढात ती गेली. मागून हाक मारली की जाणाऱ्याचं वाईट होतं म्हणतात. माझं काहीच वाईट झालं नाही.

"हे तुमच्या घरी येणार होते ते पान घेऊन," काकू म्हणाल्या. "मग कळलं पोरगी गेली. कुठल्या तोंडानं यावं? म्हणाले, पोरगा यील दुकानात. तुमी काय आला न्हाईसा."

मी गेलो नव्हतोच. ती गेल्यावर मी दुकानाचा तो बोळच सोडला होता. शाळेला जाताना लांबचा फेरा घ्यायचो.

काकूंनी मुलाला हाक मारून पेन आणि कागद मागवला. कागदाची पट्टी त्यांनी स्वतः कापली. "लिवा आता. भाताची खळ करून देते चिकटवायला, आमच्या ह्यांचंबी तसंच असायचं. काय लिवायचं ते म्हायती हाय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. मी खोटं बोललो. त्या म्हातारीनं चाळीस वर्षं उशाशी ठेवलेलं पान, तिला मी काय सांगणार होतो? मी पट्टीवर पेन टेकवलं. ओळीचा सूर ऐकू येत होता. सुरुवातीला उंच, मध्ये ट्रॅक्टरची धडधड, शेवटी पुन्हा उंच. शब्द एकही नाही. आणि एवढं नक्की कळलं की तिचा आवाज मी बनवलेला नव्हता. तो खरा होता, माझ्या कानावर पडला होता, आणि मी तो घेतला नव्हता. मला रडू आलं. काकूंनी तेलाचा हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

पट्टी कोरीच खिशात घातली. पुस्तक मी घेतलं नाही. "तिनं तुमच्याकडं दिलंय, तुमच्याकडंच राहू दे," मी म्हटलं. बोळाच्या तोंडाशी आलो तोवर मागं कुणीतरी धापा टाकत येत असल्याचा भास झाला. काकूच होत्या, दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत, हातात माझा चष्मा. मी जमिनीवरच विसरलो होतो.

"आवं, हाक मारायची की!"

"जाणाऱ्याला मागनं हाक मारावी व्हय?" त्या रागावून म्हणाल्या.

सांगलीला परत जाणारी एसटी इस्लामपूरला थांबली तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. मी ठरवलं नव्हतं, पण उतरलो. वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आक्काच्या सासरच्या गावाला गेलो. तिथं आता आमचं कुणी नाही. तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, मग ते लोक पुण्याकडं गेले, घर विकलं गेलं. घराच्या जागी सिमेंटचं घर आहे, ओट्याच्या जागी फरशीच्या तीन पायऱ्या. समोर मात्र तोच रस्ता, दोन्ही बाजूंनी ऊस, आणि तेच वळण. कारखान्याचं गळीत सुरू झालेलं, त्यामुळं ट्रॅक्टरही तेच. पायऱ्यांवर एक बाई तांदूळ निवडत बसली होती. मी जरा वेळ तिथं उभा राहिलो. माझ्या वयाचा माणूस दुसऱ्याच्या दारात किती वेळ उभा राहणार? तिनं मान वर केली, तसा मी निघालो.

पंधरा-वीस पावलं गेलो असेन. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर शेजारून धडधडत चालला होता, आणि मागून त्या बाईनं काहीतरी म्हटलं. पूर्ण वाक्य. मला एक शब्द कळला नाही.

माझी पाठ आपोआप ताठ झाली. चाळीस वर्षांची सवय. मग मी थांबलो. वळलो. आणि नुसता वळून उभा राहिलो नाही, ट्रॅक्टर जाऊ दिला आणि परत चालत त्या पायऱ्यांपर्यंत गेलो.

"काय म्हणालासा?" मी विचारलं. माझा आवाज फाटला होता.

बाई जरा बिचकली. "काय न्हाई वो दादा. उनातनं आलासा, पाणी पिऊन जावा, म्हटलं."

मी पायरीवर बसून पाणी प्यायलो. तिनं तांब्या भरून आणला होता, मी अख्खा तांब्या प्यायलो, आणि ती बघत राहिली. खिशात ती कोरी पट्टी होती. अजूनही आहे. आक्कानं हाक मारली त्या दिवशी मला एवढंच करायचं होतं, पंधरा पावलं मागं जाऊन विचारायचं होतं, काय म्हणालीस.